जिप्सी आणि जुनी डीआय जीप: सुपरचार्जर की टर्बो? सातपुड्याचे चढ आणि तापीची वाळू डोळ्यासमोर ठेवून सांगा

तापीकाठ_४बाय४ (शिरपूर)

राम राम मंडळी. दोन गाड्यांबद्दल विचारायचंय.

१) जिप्सी किंग, १२९८ सीसी एमपीएफआय पेट्रोल. टायर २३५/७५ आर१५, सस्पेन्शन २ इंच वर. इंजिन मूळचंच, ऑइल खात नाही.

२) महिंद्रा जीप, २५२३ सीसी डीआय (थेट सिलिंडरात डिझेल मारणारं) डिझेल, टर्बो नसलेली. एअर फिल्टर जुना ऑइल बाथचा (तेलात धूळ पकडणारा).

वापर असा: धडगाव-तोरणमाळ बाजूचे दगडी चढ, पावसाळ्यात काळ्या मातीतले शेतरस्ते, उन्हाळ्यात तापीचं वाळूचं पात्र. अभयारण्याच्या हद्दीत गाडी घालायची नाही, ते आधीच सांगतो. हायवेवर ८०च्या वर कधी जाणं नाही.

जिप्सीला १५०० ते २५०० आरपीएमच्या मध्ये दम नाही. मोठे टायर टाकल्यापासून दगडावर चढताना क्लच घासावा लागतो. जीप ओढते, पण चढाला काळा धूर सोडते आणि वर गेल्यावर मरते.

प्रश्न: कुठल्या गाडीला काय लावावं? मे महिन्यातल्या ४५ अंशात काय टिकेल? चिखलात सुपरचार्जरचा पट्टा घसरतो हे खरं का? जाहिरातीतले हॉर्सपॉवर नकोत, चढावर उपयोगी पडेल ते सांगा.

---

लेथ_आणि_लोखंड (जळगाव)

भाऊ, दोन्ही गाड्यांचं उत्तर वेगवेगळं आहे. मी आधी जिप्सीचं सांगतो, डिझेलचं पंपवाल्या माणसाने सांगावं.

गाडी दिवसातला जास्त वेळ कुठल्या आरपीएमला असते, यावर सगळं ठरतं. दगडावर फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, ट्रान्सफर केस हळू गिअरवर) पहिल्या गिअरला तुम्ही १००० ते २००० मध्ये असता. तिथे १३०० सीसीच्या पेट्रोल इंजिनचा एक्झॉस्ट इतका थोडा असतो की बहुतेक टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबणारे पंखे) नुसते फिरत राहतात, हवा दाबत नाहीत. तुम्ही रेस वाढवता, काही होत नाही, आणखी वाढवता, मग २८००-३०००ला एकदम दाब येतो आणि चाक दगडावरून सुटतं. रस्त्यावर याला टर्बो लॅग म्हणून हसून सोडून देतात. दगडावर त्याच झटक्याने पुढच्या एक्सलचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) जातो, तोही चाक पूर्ण वळवलेलं असताना.

सुपरचार्जर, म्हणजे ब्लोअर, हवा दाबतो तशीच, पण तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पट्ट्यावर फिरतो. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू जातीचा असेल तर प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतो, म्हणून १५००लाही दाब असतो. सेंट्रिफ्युगल जातीचा मात्र घेऊ नका. त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे खाली काही नाही आणि वर सगळं. टर्बोचे तोटे आणि पट्ट्याचा त्रास, दोन्ही एकाच खोक्यात.

हिशोब करून दाखवतो, म्हणजे कुणी काही विकायला आलं तर तुम्हाला तपासता येईल. चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्याला निम्मी सीसी हवा ओढतं, म्हणजे जिप्सी ६४९ सीसी. आयसिनचा एएमआर५०० हा छोटा रूट्स ब्लोअर फेऱ्याला ५०० सीसी हवा देतो. क्रँक पुली ब्लोअर पुलीच्या १.७ पट घेतली तर क्रँकच्या एका फेऱ्याला ८५० सीसी. ८५० भागिले ६४९ म्हणजे १.३१. ब्लोअरमधली गळती आणि इंजिनचं न भरणं एकमेकांना साधारण फेडतात, वर हवा तापून दाब थोडा वाढतो. हातात ०.३ ते ०.४ बार येतो. १५००ला गळती जास्त, तिथे ०.२ धरा. ६०००ला ब्लोअर १०,२०० फेऱ्यांवर असेल आणि क्रँककडून ६ ते ८ हॉर्सपॉवर खाईल. तुम्ही ६०००ला जाणारच नाही, तेव्हा ते खाणं तुम्हाला जाणवायचं नाही.

मिनी कूपर एसच्या पहिल्या पिढीत येणारा ईटनचा एम४५ जुन्या बाजारात सहज दाखवतात. तो फेऱ्याला ७३७ सीसी देतो. जिप्सीवर तो १.७ने फिरवला तर इनटेकमधला एकूण दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट होईल आणि पिस्टनच्या रिंगा बाहेर येतील. तो बसवायचाच तर पुली १.१५च्या आसपास ठेवावी लागते.

०.४ बारच्या वर जायचं नाही. जिप्सीचं कॉम्प्रेशन ९:१ आहे आणि पिस्टन साधे ओतीव आहेत.

काम सुरू करण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, रेस पूर्ण दाबलेली. दाब चौरस सेमीला १४ किलोच्या आसपास हवा. १२च्या खाली एकही सिलिंडर असेल किंवा दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर ब्लोअरचे पैसे आधी इंजिनात घाला.

---

फोर_लो_आप्पा (धुळे)

लेथवाले भाऊ बरोबर बोलताय, पण औषध देण्याआधी दुखणं बघा ना.

जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर१५, व्यास ६६८ मिमीच्या आसपास. २३५/७५ आर१५चा ७३३. म्हणजे गिअरिंग दहा टक्क्यांनी उंच झालं आणि चाकावर पोचणारा टॉर्क नऊ टक्के घटला. क्लच घासतोय तो त्यामुळे. इंजिन होतं तेवढंच आहे.

जिप्सीचा पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो २.२७ आणि डिफरन्शिअल मिळून साधारण ३२:१ होतात. तुमच्या टायरवर १००० आरपीएमला ताशी ४ किमीहून थोडं जास्त. दगडासाठी हे फास्टच आहे. ट्रान्सफर केसमध्ये ४.१६चे रिडक्शन गिअर मिळतात (बाहेर सामुराईसाठी बनतात, त्याच कुटुंबातली केस). ते टाकले तर ३२चे जवळपास ६० होतात आणि तोच आरपीएम ताशी सव्वादोन किमीला येतो. लोमध्ये चाकावरचा टॉर्क ८० टक्क्यांनी वाढला. ब्लोअर ०.३५ बारला पंचवीस-तीस टक्के देईल. आता सांगा, दगडासाठी कुठे पैसे घालायचे?

शिवाय गिअरला ट्यूनिंग नाही, उष्णता नाही, पट्टा नाही.

पण एक गोष्ट मान्य: वाळूत गिअरचा उपयोग नाही. तापीच्या पात्रात चाकाचा वेग लागतो, फोर-लो दुसरा-तिसरा गिअर आणि ३०००-४००० आरपीएम सलग. तिथे ताकदच लागते. तरी त्याआधी टायरची हवा १४-१५ पीएसआयवर आणा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. आणि ४.१६ टाकल्यावर लो-पहिल्यात एक्सलेटर दाबून धरायचा नाही, मागची हाफ शाफ्ट पिळते.

---

नॉझलवाला (भुसावळ)

जीपचं मी सांगतो.

डिझेलला सुपरचार्जर नको. कारण साधं आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल असतो. रेस सोडली की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ब्लोअर मोकळा फिरतो. तुमच्या डीआयला थ्रॉटलच नाही. ब्लोअर आयडलिंगलासुद्धा पूर्ण हवा दाबत बसणार आणि क्रँकची ताकद खाणार, तीही आधीच कमी ताकदीच्या इंजिनातून. उलट सायलेन्सरमधून फुकट जाणारी उष्णता तशीच वाया. अमेरिकेतल्या डेट्रॉइट डिझेलच्या जुन्या ७१ मालिकेवर रूट्स ब्लोअर दिसतो म्हणून लोक दाखला देतात. पण ती टू-स्ट्रोक इंजिनं, ब्लोअरशिवाय श्वासच घेऊ शकत नाहीत. तो दाखला इथे लागू नाही.

टर्बो मात्र या इंजिनाला शोभतो. हाच २५२३ सीसीचा डीआय ब्लॉक (बोर ८८.९, स्ट्रोक १०१.६) बोलेरो डीआयमध्ये कंपनीने टर्बो लावून दिला होता. तेव्हा वेगळा टर्बो शोधत बसू नका. त्याच इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो, ऑइलचे दोन्ही पाइप, इनटेकचा पाइप आणि जमलं तर पंप असा पूर्ण सेट एकाच गाडीचा घ्या. सुटे घेतले तर फ्लँज जुळत नाही आणि मग वेल्डिंगवाला मॅनिफोल्डला टाके घालतो. ओतीव लोखंडाचे ते टाके पहिल्याच नाल्याच्या पाण्यात तडकतात.

घेताना टर्बोचा शाफ्ट हाताने हलवा. आडवा किंचित हलणं चालतं, कारण बुश तेलावर तरंगते. पुढे-मागे खेळ जाणवला की थ्रस्ट बेअरिंग गेलेलं आहे. कंप्रेसरच्या पात्यांच्या पुढच्या कडा बोटाने बघा, धूळ खाल्लेली पाती वस्तऱ्यासारखी पातळ होतात.

लावायचा क्रम:

पहिल्यांदा पंपाला हातही लावू नका. टर्बो बसवा, दाब ०.५ ते ०.६ बारवर ठेवा, पन्नास किमी चालवा. धूर जवळजवळ बंद व्हायला हवा. नाही झाला तर हवा कुठेतरी गळतेय किंवा नॉझल गेलेत. टर्बोला दोष देऊ नका.

मग एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर. के-टाइप थर्मोकपल, टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये. हा मीटर नसेल तर डिझेल वाढवायचंच नाही. सलग चढाला ७०० अंशांच्या आत, घटकाभर ७५० चालेल.

त्यानंतर पंप टेस्ट बेंचवर. डिझेल एकदम वीस टक्के वाढवू नका. दहा टक्के, चढ, मीटर बघा, मग पुढचे पाच-सात. पंपावर बूस्ट कॉम्पेन्सेटर असेल तर उत्तम. तो दाब आल्यावरच डिझेल वाढवतो, त्यामुळे खालच्या आरपीएमला धूर होत नाही. साधा पंप असेल तर वाढवलेलं डिझेल खालीपण जातं आणि मागच्या गाडीवाल्याचा चेहरा काळा होतो.

टर्बो नसलेल्या ब्लॉकमध्ये पिस्टनखाली तेलाची धार मारणारे जेट आहेत का, चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून बघा. नसतील तर ०.५ बार ही मर्यादा समजा.

---

तापीकाठ_४बाय४

वा, बरंच कळलं. आप्पांचं गणित डोक्यात बसलं. तरी जिप्सीबद्दल एक विचारतो. इथे एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, स्विफ्ट डिझेलचा छोटा टर्बो स्वस्तात मिळतो, तो १३०० सीसीचाच आहे, जिप्सीला फिट होईल आणि १८००लाच दाब देईल. चालेल का?

---

लेथ_आणि_लोखंड

सीसी सारखी म्हणून टर्बो सारखा होत नाही भो.

डिझेलचा एक्झॉस्ट सातशेच्या घरात असतो, पेट्रोलचा जोरात चालताना नऊशेच्या वर जातो. डिझेलच्या टर्बोची टर्बाइन आणि तिचं घर त्या उष्णतेसाठी बनवलेलं नसतं. घराला आतून भेगा पडतात, वेस्टगेटची पाती वाकडी होऊन बसते. दुसरं, ते डिझेल इंजिन ४०००च्या आसपास थांबतं, जिप्सी ६०००ला जाते. एवढ्याशा टर्बाइनमधून तेवढा वायू निघत नाही, मागे दाब तुंबतो, सिलिंडरमध्ये गरम वायू राहतो आणि इंजिन ठोकायला लागतं (पेट्रोल अवेळी पेटतं). खालच्या आरपीएमला तो गॅरेजवाला म्हणतो तसं होईलही, पण वाळूत ४०००ला पाच मिनिटं धरलं की संपलं. लावायचाच तर छोट्या पेट्रोल इंजिनाचा, पाण्याने थंड होणारी बेअरिंग असलेला टर्बो घ्या.

आता मे महिन्याचं. बाहेर ४५ अंश असताना ०.४ बार दाबली तर रूट्स ब्लोअरमधून हवा शंभरच्या पुढे, साधारण १०३ अंशांवर बाहेर पडते. चांगला टर्बो हेच काम ९० अंशांत करतो, कारण त्याची कार्यक्षमता जास्त. म्हणजे उष्णतेत टर्बो पुढे, पण फरक बारा-तेरा अंशांचाच. शिवाय टर्बोचा लाल झालेला मॅनिफोल्ड बॉनेटखाली असतो आणि जिप्सीच्या बॉनेटखाली जागा किती ते तुम्ही बघितलंय. पेट्रोलची नळी, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, वायरिंग सगळ्यांना उष्णतेची जाळी लागेल.

इंटरकूलरचं लोक विसरतात. रस्त्यावरचा इंटरकूलर वाऱ्यावर चालतो. ताशी ३ किमीला वारा कुठला? समोर लावला की रेडिएटरची हवा अडवतो आणि काळ्या मातीचा एक थर बसला की त्याची वीट होते. क्रॉलिंगच्या गाडीला एकतर इंटरकूलरवर वेगळा इलेक्ट्रिक पंखा हवा, नाहीतर पाण्याचा इंटरकूलर. ०.३ बारवर राहायचं ठरवलं तर नसला तरी चालतं, इग्निशन मागे घेऊन (स्पार्क थोडा उशिरा पाडून).

ट्यूनिंग, दोन्हींसाठी सारखंच:

मूळ मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. त्यावरचा दाब कॉम्प्युटरला दिसतच नाही, म्हणून तो पेट्रोल वाढवत नाही आणि इंजिन कोरडं (पेट्रोल कमी, हवा जास्त) जळतं. २ बारचा सेन्सर आणि ट्यून होणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) लागतो. ‘पेट्रोलचं प्रेशर वाढवलं की झालं’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा.

इंजेक्टर: ११० हॉर्सपॉवर धरले तर प्रत्येकी मिनिटाला २०० सीसीच्या थोडं वर लागतं, म्हणजे २४० सीसीचे घ्या. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठेक टक्के जास्त इंधन लागतं, ती जागा ठेवावीच लागते. ट्यूनिंग करताना एअर-फ्युएलचे आकडे बघू नका, इथेनॉलमुळे ते फसवतात. वाइडबँडवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लॅम्डा बघा (हवा गरजेच्या किती पट आहे तो आकडा), पूर्ण दाबाला ०.८० ते ०.८२.

इग्निशन: दर ०.०७ बारला एक अंश मागे, या हिशोबाने ०.४ला पाच-सहा अंश. ४५ अंशांच्या दिवशी आणखी दोन. हिवाळ्यात ट्यून केलेली गाडी मे महिन्यात ठोकते, म्हणून ट्यूनिंग उन्हाळ्यातच करा, दुपारी दोनला, उतरलेल्या तोंडाने का होईना.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू इनटेकला सोडणारा) एका दिशेने बंद होतो का बघा. नाही झाला तर दाब क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक उडते आणि मागचं ऑइल सील जातं. लोक म्हणतात टर्बोने सील खाल्लं. खाल्लं पन्नास रुपयांच्या व्हॉल्व्हने.

---

पासिंगवाला (नंदुरबार)

कागदाचं कुणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला आधी बॉनेट उघडतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा निर्णय हे धरून घ्या. बंदिस्त ट्रॅकवर ट्रेलरने नेणार असाल तर गोष्ट वेगळी.

---

सातपुडा_धूळ (चोपडा)

गाडी तुन्ही, पैसा तुन्हा, पण धूळ आपली बठ्ठास्नी शे. म्हणून फिल्टरचं सांगतो, कारण खान्देशात टर्बो मरतो तो धुळीने.

जीपचा ऑइल बाथ फिल्टर काढून टाका. गाडी आडवी झाली की त्यातलं तेल सांडतं आणि टर्बोची ओढ जास्त असल्यामुळे तेलाचे थेंब थेट आत जातात. ट्रॅक्टरला असतो तसा कोरडा कागदी फिल्टर, आत सेफ्टी एलिमेंटसह, आणि वर सायक्लोन प्रीक्लीनर. काळ्या मातीची मे महिन्यातली धूळ पिठासारखी बारीक असते, पण सायक्लोन जाड भाग आधीच बाहेर फेकतो आणि कागद बराच टिकतो. हवा बॉनेटच्या वरून घ्या, पुढच्या चाकाच्या मागून नाही.

फिल्टर ते टर्बो या पाइपला आतून ग्रीसचं बोट फिरवा, दोनशे किमीनंतर उघडून बघा. ग्रीस स्वच्छ तर जोड पक्के. खरखरीत लागलं तर कुठला तरी क्लॅम्प ढिला आहे. कापसाचा तेल लावलेला ‘परफॉर्मन्स’ फिल्टर या भागात नकोच. कागद हवेने झटकून परत लावायची सवयही मोडा. आतून बाहेर जोरात हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.

सुपरचार्जरवाल्यांनी खूश होऊ नये. रूट्सच्या दोन रोटरमध्ये आणि घरात जागा अगदी केसाएवढी असते. टर्बोची पाती झिजतात, ब्लोअरच्या रोटरवरचं कोटिंग जातं आणि दाब हळूहळू कमी होत जातो. कळतही नाही, कारण आवाज तोच राहतो.

---

नॉझलवाला

धूळभाऊंना जोडून एक, हे फक्त ऑफ-रोडलाच होतं आणि म्हणूनच रस्त्यावरच्या मेकॅनिकला माहीत नसतं.

टर्बोमधून तेल दाबाने बाहेर पडत नाही, आपल्या वजनाने खाली उतरतं. म्हणून ड्रेनचा पाइप आतून १६ ते १९ मिमी हवा, सरळ खाली उतरणारा, मध्ये कुठे पोट नाही. आणि ब्लॉकमध्ये तो चेंबरच्या तेलाच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. सपाट रस्त्यावर पातळीच्या वर असलेलं भोक गाडी टर्बोच्या बाजूला तीस अंश कलली की तेलात बुडतं. मग तेल टर्बोत तुंबतं, सील ओलांडून इनटेकमध्ये जातं. पेट्रोल गाडी निळा धूर सोडेल. डिझेल ते तेल जाळून स्वतःहून रेस घेत सुटेल. चावी बंद करा, स्टॉप केबल ओढा, काही उपयोग नाही, कारण इंजिनाला आता पंपाची गरजच नाही. त्या वेळी दोनच उपाय. फोर-हाय, सगळ्यात वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन मारायचं. किंवा इनटेकचं तोंड लाकडी फळीने झाकायचं. हाताने किंवा फडक्याने नाही. इंजिन फडकं ओढून घेतं, आणि हातही.

म्हणून ड्रेन जितका वर नेता येईल तितका न्या आणि चेंबरात तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याच्या वर नाही. कमी ठेवलं तर चढावर तेल ओढणारं पिकअप हवा ओढतं आणि टर्बोची बुश काही सेकंदांत जाते. दोन्ही बाजूंनी फास आहे.

आणि पाणी. जोरात चढ चढून लगेच नाल्यात घालू नका. दोन मिनिटं आयडलिंग, मॅनिफोल्डचा लाल रंग जाऊ द्या. टर्बो बंद करतानाही तेच, नाहीतर आत उरलेलं तेल जळून कोळसा होतो आणि फीड पाइप चोंदतो.

---

तापीकाठ_४बाय४

धन्यवाद सगळ्यांना. आता तरी ठरतंय असं: जीपला बोलेरोचा सेट, ०.५ बार, पंप नंतर. जिप्सीला आधी ४.१६. वाळूसाठी पुढे वाटलंच तर एएमआर५००. पट्ट्याचा प्रश्न राहिला. आणि तोरणमाळवर उंचीचा फरक पडतो का?

---

लेथ_आणि_लोखंड

तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब बाराएक टक्के कमी. साध्या इंजिनाची तेवढी ताकद जाते, सुपरचार्जरचीही जवळपास तेवढीच, कारण तो ठरलेलं आकारमान ढकलतो आणि हवाच विरळ. टर्बो जास्त फिरून बरंचसं भरून काढतो. तुमच्या जीपचा वर गेल्यावर होणारा काळा धूर यातलाच: डिझेल तेवढंच, हवा कमी. सातपुड्यापुरतं एवढ्यावरून काही ठरवायची गरज नाही. लडाखला न्यायची असती तर मी जिप्सीलाही टर्बोच सांगितला असता.

पट्टा: चिखलात घसरतो हे खरं, पण बहुतेक वेळा जिप्सीचा मूळ व्ही-पट्टाच ब्लोअरला लावलेला असतो म्हणून. ६पीके रिब्ड (सहा धारांचा) पट्टा हवा, ब्लोअरच्या पुलीला कमीत कमी १६० अंशांचा वेढा, त्यासाठी एक आयडलर आणि स्प्रिंगचा टेन्शनर. ब्रॅकेट १० मिमीच्या प्लेटचं, ब्लॉकला तीन ठिकाणी. दोनवर बसवलं तर थरथरतं आणि पट्टा बाहेर येतो. तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा, १ मिमीच्या वर फरक नको. खाली आणि चाकाच्या बाजूला पत्र्याचं कव्हर. काळी माती ओली असताना साबण असते आणि वाळली की रिबमध्ये सिमेंट. पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी पाण्याने धुवा, वाळू देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, ब्लोअरचा पट्टा वेगळा ठेवा. क्रँकवर दुसरी खाच करून घ्या आणि अल्टरनेटर-वॉटर पंपाचा पट्टा जसाच्या तसा राहू द्या. म्हणजे ब्लोअरचा पट्टा तुटला तरी इंजिन तापत नाही. रोटर मोकळे असतील तर गाडी बायपासमधून हवा घेत, मरत मरत का होईना, खाली गावात येते. क्रँक पुली बॅलन्स केल्याशिवाय लेथवाल्याकडून ताब्यात घेऊ नका, मी स्वतः लेथवाला असूनही सांगतोय.